फर्मवेअर अपडेटनंतर पॉवर पेडलचे आकडे बिघडले, तर कुठून सुरुवात करायची?

पायाची ताकद वॅटमध्ये मोजणाऱ्या पॉवर पेडलचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच रस्त्यावर आकडे भलतेच दिसायला लागले, ही तक्रार आता पॉवर मीटर वापरणाऱ्या कुणालाच नवी नाही. कुणाची पॉवर एकदम निम्म्यावर येते, कुणाचा उजवा पाय गायब होतो, कुणाला झ्विफ्ट या घरातल्या घरात सायकल चालवायच्या ॲपमध्ये पेडल सापडतच नाही. मग निदान ठरलेलं असतं: कंपनीनं घोळ घातला. तसं कधीकधी असतंही. पण बहुतेक वेळा मोजमाप करणारा भाग धडधाकट असतो. अपडेटच्या निमित्तानं एखादी सेटिंग मूळपदावर गेलेली असते, जोडणी तुटलेली असते, नाहीतर शून्य (पेडलवर जोर नसतानाचा आकडा) नव्यानं लावायचं राहून गेलेलं असतं.

म्हणून आधी दुखणं कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. पेडल दिसतच नाही, दिसतं पण तुटक किंवा एकाच बाजूचं दिसतं, किंवा सगळं नीट दिसतं पण आकडा पटत नाही, अशा या तीन जाती. पहिल्या दोन्ही जोडणीच्या आणि सेलच्या भानगडी आहेत. तिथं पेडल खोलून, पान्हा फिरवून काही हाती लागत नाही. तिसरीत मात्र, आकडा बरोबर निम्मा येत नसेल तर, जोडणीशी झटापट करण्यात अर्थ नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शून्य लावलं, क्रँकची (पेडल जिला बसतं त्या दांडीची) लांबी बदलली, सेल बदलले आणि हेड युनिटही (हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर) रीसेट केलं, एवढं सगळं एका दमात केल्यावर आकडा सुधारला तर तो कशानं सुधारला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हात लावण्याआधी लिहून काय ठेवायचं

पेडलच्या कंपनीचं ॲप उघडा आणि दोन्ही पेडलचा फर्मवेअर क्रमांक, क्रँकची लांबी, सेन्सरचा आयडी आणि शून्य लावल्यावर आलेला शेवटचा आकडा दिसत असेल तर तो, एवढं टिपून ठेवा. स्क्रीनशॉटही चालेल. अपडेटच्या आधीच्या एका चांगल्या राइडची फाइल बाजूला काढा. पुढं कंपनीशी बोलायची वेळ आली तर पहिल्या ईमेलमध्ये हेच विचारतात.

अपडेट खरंच पूर्ण झालं का?

दोन्ही बाजूंना सेन्सर असलेल्या पेडलमध्ये डावं आणि उजवं ही दोन वेगळी यंत्रं असतात. त्यांचं अपडेटही एकापाठोपाठ एक होतं. पहिलं झाल्यावर फोनची स्क्रीन बंद झाली किंवा मध्येच कुणाचा फोन आला की दुसरं जुन्याच आवृत्तीवर राहू शकतं. ॲपमध्ये दोन्ही बाजूंचे क्रमांक जुळतात का पाहा. जुळत नसतील तर पुढचं काहीही तपासू नका, आधी मागं राहिलेलं पेडल अपडेट करा.

अपडेट अडकतंय असं वाटलं तर आधी आजूबाजूचा गोंगाट कमी करा. हेड युनिट बंद, ट्रेनरला (सायकल घरात जागेवरच चालवायचं यंत्र) जोडलेला टॅब बंद, फोनवरचा बॅटरी सेव्हर बंद. फोन पेडलच्या शेजारी ठेवा. क्रँक दोन-चार वेळा फिरवून पेडल जागं करा, कारण झोपलेलं पेडल ब्लूटूथवर दिसतच नाही. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनवर ॲपला ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी लागते, त्याआधीच्या आवृत्त्यांवर लोकेशन सुरू लागतं. फोन नवा घेतला असेल तर बहुधा इथंच अडतं. एकदा टक्केवारी पुढं सरकायला लागली की सेल काढायचे नाहीत आणि ॲपही बंद करायचं नाही. दहा मिनिटं काहीच हाललं नाही तरच ॲप बंद करून पुन्हा सुरुवात करा.

सेल आणि चार्जिंग

अपडेटच्या वेळी रेडिओ सलग चालू राहतो, त्यामुळं आधीच दमलेला सेल नेमका तेव्हाच मान टाकतो. अपडेटनं पेडल मेलं, असं म्हटल्या जाणाऱ्या कित्येक प्रकरणांचा शेवट नव्या सेलनं होतो.

सेलवर चालणाऱ्या गार्मिन रॅलीत प्रत्येक पेडलमध्ये एलआर४४ किंवा एसआर४४ जातीचे दोन बटन सेल किंवा सीआर १/३एन हा एक सेल बसतो. एलआर४४ अल्कलाइन असतो आणि त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) वापरागणिक खाली येत जातो. एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. तो शेवटपर्यंत बऱ्यापैकी एकसारखा दाब देतो आणि मग एकदम संपतो. घड्याळाच्या दुकानातली दहा सेलची स्वस्त पट्टी इथं वापरू नका. त्यातले निम्मे सेल दुकानात पडून पडूनच अर्धे झालेले असतात. दोन्ही पेडलचे सेल एकदमच बदला. झाकण लावण्याआधी आतले संपर्कबिंदू कोरड्या सुती कापडानं पुसा, आणि पावसाळ्यात सायकल चालवली असेल तर झाकणाचं रबर नीट बसलंय का तेही पाहा. हिरवट पावडर दिसली तर तो गंज आहे, फर्मवेअरचा त्यात काही दोष नाही.

फावेरो असिओमासारख्या चार्जिंगच्या पेडलमध्ये चुंबकानं चिकटणारी क्लिप असते. तिच्या आणि पेडलच्या संपर्कबिंदूंवर घाम, धूळ, चेनचं तेल यांचा थर बसतो आणि क्लिप चिकटूनही चार्जिंग होत नाही. दिवा लागलाय का ते बघूनच झोपायला जा.

जोडणी: सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा

हेड युनिटमध्ये जुना सेन्सर नुसता बंद करू नका, तो काढून टाका. हेड युनिट पुन्हा सुरू करा, क्रँक फिरवा आणि सेन्सर नव्यानं शोधा. अपडेटनंतर पेडल आपली ओळख किंवा पाठवायच्या माहितीची रचना थोडी बदलू शकतं, आणि हेड युनिट मात्र जुनीच नोंद धरून बसतं. यादीत एकाच पेडलच्या दोन नोंदी दिसल्या, एक अँट प्लस या बिनतारी पद्धतीवरची आणि एक ब्लूटूथवरची, तर एकच ठेवा. हेड युनिटसाठी मी अँट प्लसच निवडतो. त्यावर पेडल एकदा बोललं की ऐकणारे कितीही असू शकतात. ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांची संख्या मर्यादित असते.

झ्विफ्टमध्ये पेडल न सापडण्याचं कारणही बहुधा हेच. अपडेट केलेलं ॲप फोनवर मागं चालू असतं आणि त्यानं पेडलचा हात धरून ठेवलेला असतो. ॲप पूर्ण बंद करा, खात्री नसेल तर फोनचं ब्लूटूथच बंद करा. फोनच्या मुख्य ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन हेडफोन जोडतो तसं पेडल जोडू नका. जोडलं असेल तर तिथून काढून टाका. पेडलची जोडणी ॲपच्या आतूनच व्हायला हवी.

आता निम्म्या पॉवरचं प्रकरण. आमच्या ओळखीतल्या एकानं अपडेटनंतर ट्रेनरवर बसून पाहिलं तर ट्रेनर १९० वॅट दाखवतोय आणि झ्विफ्टमध्ये पेडलची पॉवर ९५ च्या आसपास. त्यानं शून्य लावलं, पेडल काढून परत बसवलं, तरी ९५ च. हेड युनिटवर अँट प्लसनं मात्र आकडा बरोबर १९३. तिथंच उत्तर होतं. काही पेडलच्या ॲपमध्ये ब्लूटूथसाठी दोन पर्याय असतात: दोन्ही बाजू एकत्र करून एकच आकडा पाठवायचा, किंवा डावं-उजवं वेगवेगळं पाठवायचं. वेगवेगळं निवडलेलं असेल आणि समोरचं ॲप एकच सेन्सर जोडून घेत असेल, तर एकाच पायाची पॉवर दिसणार. त्याची सेटिंग एकत्रवर आणली, झ्विफ्टमध्ये सेन्सर नव्यानं जोडला आणि विषय मिटला. आकडा बरोबर निम्मा, म्हणजे ४८ ते ५२ टक्क्यांच्या आत येत असेल, तर आधी हेच पाहा.

याच्या उलटही होतं. दुय्यम पेडल, म्हणजे मुख्य पेडलला आपला आकडा कळवणारं, मध्येच गळालं की काही मॉडेल मुख्य पेडलचा आकडा दुप्पट करून एकूण पॉवर म्हणून दाखवतात. मग सरासरी साधारण ठीक वाटते, पण डावा-उजवा समतोल गायब होतो किंवा एकीकडं झुकतो. असिओमा ड्युओमध्ये डावं पेडल मुख्य असतं, इतरांत उजवंही असू शकतं. मॅन्युअलमध्ये एकदा पाहून ठेवा, म्हणजे कुठल्या बाजूचा सेल आधी तपासायचा हे कळतं.

आकडा चुकतोय, पण कसा चुकतोय?

इथं थोडं गणित समजून घेतलं तर पुढचे कित्येक तास वाचतात. पेडलच्या दांड्यात ताण मोजणाऱ्या पट्ट्या असतात. पायाच्या जोरानं दांडा डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, त्यावरून बळ कळतं. बळाला क्रँकच्या लांबीनं गुणलं की टॉर्क, आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगानं गुणलं की वॅट. ९० केडन्सला, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांना, २०० वॅट म्हणजे सरासरी सुमारे २१ न्यूटन-मीटर टॉर्क.

आता चूक दोन तऱ्हेची असू शकते. शून्य सरकलेलं असेल तर प्रत्येक आकड्यात ठरावीक वॅटची भर किंवा घट पडते. शून्य एका न्यूटन-मीटरनं चुकलं तर ९० केडन्सला सुमारे साडेनऊ वॅटचा फरक पडतो, मग तुम्ही १०० वॅटवर असा नाहीतर ३०० वर. क्रँकची लांबी चुकली असेल तर मात्र फरक टक्क्यांत पडतो आणि पॉवरबरोबर वाढत जातो. म्हणजे हळू चालवताना फरक खुपतो आणि जोरात चालवताना बुजतो, तर शून्य बघा. सगळीकडं सारख्याच टक्क्यानं फरक दिसतो, तर क्रँकची लांबी आणि स्केल फॅक्टर (आकड्याला ज्यानं गुणलं जातं ती ॲपमधली सेटिंग) बघा.

क्रँकची लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते: १६५, १७०, १७२.५, १७५. अपडेटनंतर ती मूळ सेटिंगवर, बहुधा १७२.५ वर, परत गेलेली असू शकते. तुमची १६५ असेल तर आकडा साडेचार टक्के फुगतो. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) २०० असलेल्याला आयते नऊ वॅट मिळतात, आणि अशी तक्रार कुणी करत नाही! १७० असेल तर फरक दीड टक्क्याचा, तो महिनोन्महिने लक्षात येत नाही. आणखी एक गंमत म्हणजे ॲपमध्ये लांबी बरोबर लावूनही ती बदलू शकते, कारण काही हेड युनिट अँट प्लसवरून स्वतःकडची लांबी पेडलला पाठवतात. हेड युनिट कुणाकडून उसनं आणलं असेल किंवा नवं घेतलं असेल तर त्यातलीही लांबी तपासा.

शून्य कसं लावायचं

‘कॅलिब्रेट’ असं बटणावर लिहिलेलं असलं तरी बहुतेक पेडलमध्ये ते फक्त शून्य लावतं. किराणा दुकानदार वजन करण्याआधी रिकाम्या तागडीचा काटा शून्यावर आणतो, तेवढंच हे काम. तागडीच खोटी असेल तर तिचं या बटणानं काही होत नाही.

सायकल बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं थांबा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे घरात आणि रस्त्यावर दहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि धातू त्या तापमानाला यायला वेळ घेतो. पेडल तापमानाची भरपाई स्वतः करतं, पण अपडेटनंतरचं पहिलं शून्य तरी शांतपणे लावावं. बुटाची क्लीट (तळव्याची खुंटी) पेडलमधून सोडवा, पेडलवर पाय नको, सायकल सरळ उभी हवी, पेडल भिंतीला टेकलेलं नको. क्रँक मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत, बहुधा उभी. बटण दाबा, आकडा टिपा, दोन फेऱ्या फिरवून पुन्हा दाबा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. दर वेळी वेगळंच काही येत असेल तर पेडल सैल आहे किंवा सेल दमलाय.

पेडल काढून बसवलं असेल तर आट्यांवर थोडं ग्रीस लावा आणि टॉर्क पान्ह्यानं आवळा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सांगायला नको, तरी सांगतो. गार्मिन रॅलीसाठी ३४ न्यूटन-मीटर सांगितलेलं आहे. बाकीच्यांचं मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजे ‘घट्ट’ पुरत नाही. सेन्सरची डबी क्रँकला घासत असेल तर सोबत आलेली वॉशर घाला. नव्यानं बसवल्यावर दोन-तीन जोरदार स्प्रिंट मारा, मगच शून्य लावा. गार्मिनच्या पेडलना बसवण्याचा कोनही शिकावा लागतो, त्यासाठी सपाट रस्त्यावर किंवा ट्रेनरवर थोडा वेळ एकसारखं पेडल मारत राहायचं. हा टप्पा वगळला तर पुढचा एकही आकडा विश्वासाचा नाही.

वजन लटकवून खातरजमा

एवढं करूनही आकडा पटत नसेल तर ही चाचणी करा. यात ना ट्रेनर लागतो, ना कुणाचं मत.

माहितीचं वजन हवं. व्यायामशाळेतली १० किलोची प्लेट उत्तम, पण तीही एकदा इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या, प्लेटवर कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका. प्लेट नसेल तर पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार चालतो, जारासकट तोलून. मागचं चाक ब्रेकला पट्टा बांधून गच्च धरा. आधी रिकाम्या पेडलवर शून्य लावा. मग उजवा क्रँक पुढं, जमिनीला समांतर आणा, मोबाइलमधल्या लेव्हलनं तपासा, आणि पेडलच्या दांड्यावर बरोबर मध्यभागी पट्ट्यानं वजन लटकवा. वजन झुलायचं थांबू द्या.

१० किलो, १७० मिलिमीटर क्रँक: १० गुणिले ९.८ गुणिले ०.१७०, म्हणजे सुमारे १६.७ न्यूटन-मीटर टॉर्क दिसायला हवा. २० किलो आणि १७२.५ ला ३३.८. फावेरोच्या ॲपमध्ये हीच चाचणी आधीच दिलेली आहे आणि तिथं थेट किलोत आकडा दिसतो, त्यामुळं गुणाकारही नको. दोन-तीनदा वजन काढून-लावून सरासरी घ्या, मग डाव्या बाजूला तेच करा. एक-दीड टक्क्याच्या आत आलं तर पेडल निर्दोष आहे, शोध दुसरीकडं घ्या. एकच बाजू पाच टक्क्यांनी चुकते आहे तर त्या पेडलच्या मोजमापातच खोट आहे. तिथं स्केल फॅक्टर बदलून मलमपट्टी करण्यापेक्षा कंपनीला कळवणं बरं.

ट्रेनरशी आणि घाटाशी ताडून

ट्रेनरशी तुलना करताना अर्ग मोड (ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच धरून ठेवतो ती सोय) बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, मग साधारण १५०, २०० आणि २५० वॅटवर तीन-तीन मिनिटं चालवा. पेडलची नोंद हेड युनिटवर आणि ट्रेनरची दुसऱ्या उपकरणावर घ्या. दोन्ही फाइल गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रत्येक टप्प्याची सरासरी पाहा. सेकंदासेकंदाचे आकडे जुळवत बसू नका, दोघांची गुळगुळीत करण्याची पद्धत वेगळी असते. पेडलचा आकडा दोन-तीन टक्के जास्त यायलाच हवा, कारण चेन आणि गिअरमध्ये तेवढी शक्ती खर्च होते. दोन्ही तंतोतंत सारखे दिसले तर खुश होऊ नका, एकजण चुकतो आहे.

ट्रेनर नसेल तर घाट गाठा. सिंहगड, बोपदेव किंवा तुमच्याकडचा कुठलाही सलग चढ, वारा पडलेला असताना. तुम्ही, सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट सगळं मिळून ८० किलो आणि २० मिनिटांत ३०० मीटर चढलात, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ८० गुणिले ९.८ गुणिले ३०० भागिले १२००, म्हणजे १९६ वॅट लागतात. सात टक्क्यांच्या चढावर टायरचं घर्षण आणि हवा मिळून आणखी २०-२५ वॅट धरा. पेडल २१५ ते २२५ दाखवत असेल तर ठीक. १८० दाखवत असेल तर ते अशक्य आहे, कारण तेवढ्यात तुम्ही वर पोचलाच नसता. उंची मात्र नकाशावरून घ्या, हेड युनिटचा वायुदाबमापक हवामान बदललं की भरकटतो.

अपडेटनं खरंच आकडा बदलला असेल तर

असंही होतं, आणि दर वेळी तो दोष नसतो. फावेरोनं २०१८ मध्ये असिओमासाठी आणलेल्या अपडेटनं एका फेरीच्या आत बदलत जाणारा वेग मोजून पॉवर काढायला सुरुवात केली. आधी सरासरी वेग धरला जात असल्यानं अंडाकृती चेनरिंग (क्रँकजवळचं दातेरी चाक) वापरणाऱ्यांचे आकडे काही टक्के फुगायचे. अपडेटनंतर ते खाली आले आणि पाय कमजोर झाले असं वाटलं. म्हणून अपडेटची टीप वाचा. गणित बदललं असेल तर जुन्या फाइलना हात लावू नका. एफटीपी चाचणी नव्यानं करा आणि त्या तारखेपासून सरावाचे नवे झोन (पॉवरचे टप्पे) धरा.

टीपेत तसं काही नसेल आणि वजनाची चाचणीही चुकत असेल, तर कंपनीला लिहा. जुनं फर्मवेअर परत टाकण्याची सोय बहुतेकांत नसते, ते शोधण्यात रात्र घालवू नका. ईमेलमध्ये दोन्ही पेडलचे सिरियल क्रमांक, फर्मवेअर क्रमांक, क्रँकची लांबी, फोनचं मॉडेल, आधीची आणि नंतरची अशा दोन राइडच्या फाइल आणि वजन लटकवल्याचा काट्यासकट व्हिडिओ जोडा. एवढं पाठवलं की ‘रीस्टार्ट करून पाहिलंत का’ या उत्तरात आठवडा जात नाही. पेडल परदेशातून मागवलं असेल तर दुरुस्तीला पाठवण्याआधी कस्टमच्या कागदांवर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं लिहिलं जाईल याची कुरियरवाल्याकडून खात्री करून घ्या, आणि मूळ बिलाची प्रत पाकिटात टाका. नाहीतर परत येताना त्याच पेडलवर पुन्हा शुल्क मागितलं जाण्याची भीती असते.